कोजागरीची रात्र : तिथी पाहण्यापासून मध्यरात्रीच्या दुधापर्यंत

आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या रात्री लक्ष्मी पृथ्वीवर फिरते आणि दारोदारी ‘को जागर्ति?’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारते, या समजुतीवरून या पौर्णिमेला कोजागरी हे नाव पडले. बोलताना आपण सर्रास ‘कोजागिरी’ म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही, मात्र मूळ शब्दात ‘गिरी’ नसून ‘जागर’ आहे, हे ध्यानात ठेवले तर या सणाचा गाभा कोणता याविषयी गोंधळ होत नाही. हल्ली पुष्कळ घरांत आणि सोसायट्यांत रात्री नऊ वाजता मसाला दुधाचे कागदी पेले वाटले जातात आणि साडेनऊला गच्ची रिकामी होते. दूध चांगलेच असते, पण ज्या प्रश्नावरून सणाला नाव मिळाले, तो प्रश्न विचारला जाण्याच्या वेळी घरात उत्तर द्यायला कोणी जागे नसते. म्हणून पुढील सर्व मार्गदर्शन मध्यरात्र हा मुख्य क्षण धरून, तिथून उलटे मागे मोजत केले आहे.

तारीख कशी ठरवावी

दिनदर्शिकेच्या ज्या चौकोनात ‘पौर्णिमा’ छापलेले असते, त्याच दिवशी कोजागरी असेल असे नाही. चौकोनात छापलेली तिथी ही त्या दिवशीच्या सूर्योदयाची तिथी असते; कोजागरीसाठी मात्र पौर्णिमा मध्यरात्री, शास्त्राच्या भाषेत निशीथकाळी, असावी लागते. २०२४ मध्ये पौर्णिमा १६ ऑक्टोबरला रात्री ८ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास लागली आणि १७ तारखेला दुपारी पाचच्या आत संपली. १७ तारखेच्या सूर्योदयाला पौर्णिमा होती, पण त्या दिवशीच्या मध्यरात्री ती उरलेली नव्हती, म्हणून कोजागरी १६ ऑक्टोबरलाच झाली. २०२५ मध्येही हाच प्रकार होता : पौर्णिमा ६ ऑक्टोबरला दुपारी सव्वाबाराच्या पुढे लागून ७ तारखेला सकाळी सव्वानवाच्या सुमारास संपली, त्यामुळे कोजागरी ६ तारखेची. २०२६ मध्ये ज्येष्ठ महिना अधिक असल्याने पुढचे सगळे सण लांबले असून कोजागरी २५ ऑक्टोबरला, रविवारी येते.

निशीथकाळ म्हणजे रात्रीच्या पंधरा मुहूर्तांपैकी बरोबर मधला, आठवा मुहूर्त. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंतच्या वेळेचा मध्य काढला आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे पंचवीस-पंचवीस मिनिटे घेतली की तो मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर मुंबईत तो साधारण रात्री १२ ते १२.५० असा येतो, तर नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे तो सुमारे पंचवीस मिनिटे आधी, म्हणजे साडेअकराच्या पुढे सुरू होतो. पुण्या-मुंबईच्या वेळा पाहून नागपूरकरांनी पूजा मांडण्याचे कारण नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांनी भारतातली तारीख तशीच उचलू नये. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या घड्याळानुसार पौर्णिमा ६ ऑक्टोबरच्या पहाटे तीनच्या सुमारास लागून त्याच रात्री पावणेबाराला संपली, म्हणजे दोन्हीपैकी एकाही रात्रीच्या निशीथकाळाला तिने स्पर्श केला नाही. अशा वेळी दोहोंपैकी नंतरची, म्हणजे सायंकाळी पौर्णिमा असलेली रात्र धरायची असते. त्यामुळे दिवस ६ तारखेचाच राहिला, पण तो ‘भारतात आहे म्हणून’ नव्हे.

कधी कधी याच रात्री चंद्रग्रहण येते. २८ ऑक्टोबर २०२३ च्या कोजागरीला खंडग्रास ग्रहण होते आणि भारतात ते रात्री १ वाजून ५ मिनिटांपासून २ वाजून २४ मिनिटांपर्यंत दिसले. ग्रहण पाळणाऱ्या घरांनी अशा वर्षी पूजा करून दुधाचा नैवेद्य दाखवावा, तीर्थासारखे पळीभर दूध घ्यावे आणि बाकीचा दुधाचा बेत दुसऱ्या दिवसावर टाकावा. न पाळणाऱ्यांनी रात्री एकच्या आत दूध संपवून निवांत ग्रहण पाहावे. एकाच गच्चीवर दोन्ही प्रकारची माणसे असतात, त्यामुळे हे आठवडाभर आधी ठरलेले बरे.

मुळात नैवेद्य कशाचा

आज कोजागरी म्हणजे दूध हे समीकरण इतके पक्के झाले आहे की, धर्मग्रंथांतील या व्रताचा मुख्य नैवेद्य पोहे आणि नारळाचे पाणी हा आहे, हे सांगितल्यावर अनेकांना नवल वाटते. लक्ष्मी आणि ऐरावतावर बसलेला इंद्र या दोघांची मध्यरात्री पूजा करायची, पोहे आणि नारळाचे पाणी देवांना व पितरांना अर्पण करायचे, आप्तेष्टांना द्यायचे आणि मग स्वतः घ्यायचे, असा हा विधी आहे. बंगालात याच रात्री घरोघरी लक्ष्मीपूजन होते आणि त्यात नारळाला आणि पोह्यांना अजूनही मान आहे. गुजरातेत शरद पूनमेला दूध-पोहे खातात. मिथिलेत मखाणे आणि विड्याची पाने वाटतात. महाराष्ट्राने पोहे मागे ठेवून दूध पुढे आणले. दूध काढून टाका असे मी म्हणणार नाही, पण वाटीभर पोहे आणि एक नारळ नैवेद्यात असावा, कारण त्याला कष्ट जवळजवळ नाहीत.

पातळ पोहे दोन वाट्या घ्यावेत. ते पाण्यात बुडवू नयेत. नारळ फोडून निघालेल्या पाण्याचा हबका मारून दहा मिनिटे झाकून ठेवले की पुरते. मग त्यात अर्धी वाटी ओले खोबरे, चवीपुरता किसलेला गूळ आणि वेलदोड्याची पूड घालून हलक्या हाताने कालवावे. जाड पोहे असतील तर आधी चाळणीत धुऊन निथळावे लागतात. हा नैवेद्य पूजेच्या अर्धा तास आधीच कालवावा. संध्याकाळी करून ठेवला तर गुळाला पाणी सुटून त्याचा लगदा होतो.

जागण्याची गोष्ट

व्रताच्या कथेत मगध देशातील वलित नावाचा दरिद्री ब्राह्मण आहे. बायकोशी भांडून तो रानात निघून जातो. तिथे आश्विन पौर्णिमेच्या रात्री काही नागकन्या हे व्रत करत असतात आणि द्यूत खेळायला त्यांना एक गडी कमी पडत असतो. वलित खेळायला बसतो आणि हरत जातो. जवळ होते नव्हते ते सारे, जानव्यासकट, तो हरतो. तेवढ्यात कोण जागे आहे हे पाहत लक्ष्मी आणि विष्णू तिथून जातात, त्यांची कृपा होते आणि वलिताचे दैन्य संपते. मला या कथेत आवडणारी गोष्ट अशी, की वलित जिंकत नाही, त्याने कोणतेही मोठे तपही केलेले नसते; तो हरत असतानाही जागा राहून खेळत असतो, एवढेच त्याचे पुण्य. ‘निशीथे वरदा लक्ष्मीः को जागर्तीति भाषिणी’ या प्रसिद्ध श्लोकाच्या उत्तरार्धात लक्ष्मी सांगते की, जो फाशांनी खेळत जागा आहे त्याला मी धन देते. पत्त्यांचा डाव, सारीपाट, गाण्यांच्या भेंड्या या गोष्टी म्हणजे वेळ घालवण्याचे साधन नसून व्रताचेच अंग आहेत. अर्थात यावरून पैसे लावून तीनपत्ती खेळण्याचे समर्थन करणारेही दरवर्षी एकदोघे भेटतातच. त्यांना वलित सर्वस्व हरला होता, याची आठवण करून द्यावी.

पूर्वतयारी

चार दिवस आधी माणसे मोजावीत, कारण दुधाचे सगळे गणित त्यावर आहे. आटवल्यावर साधारण तीनचतुर्थांश दूध उरते आणि एका पेल्यात १२५ मिलिलिटर दूध पुरे होते, कारण हे दूध दाट आणि जड असते. या हिशेबाने २४ जणांना चार लिटर दूध लागते. या दिवशी दुधाची मागणी एकाएकी वाढते, तेव्हा नेहमीच्या दूधवाल्याला आधी सांगून ठेवावे आणि दूध त्याच दिवशी सकाळी किंवा दुपारी घ्यावे. म्हशीचे दूध लवकर दाट होते आणि त्यावर साय चांगली येते. गाईचे दूध घेतल्यास आटवायला अधिक वेळ धरावा.

चार लिटरांसाठी साखर सुमारे ३०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, पिस्ते आणि काजू प्रत्येकी ५० ग्रॅम, चारोळी दोन मोठे चमचे, वेलदोडे बारा ते पंधरा, केशराची भरघोस चिमूट आणि जायफळ अगदी थोडे, किसून अर्धा लहान चमचा, एवढे साहित्य पुरते. जायफळाच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. एका वर्षी आमच्याकडे हौसेने अख्खे जायफळ किसून घातले गेले. दूध कडवट आणि औषधी लागले आणि दोन लिटर तसेच उरले.

दुधाचा मसाला आदल्या दिवशी करून ठेवता येतो. बदाम-पिस्ते कढईत मंद आचेवर दोनतीन मिनिटे नुसते गरम करावेत, भाजून लाल करू नयेत. ते पूर्ण निवाल्यावर त्यांतला निम्मा भाग मोजलेल्या साखरेपैकी दोन चमचे साखर घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवल्यास सुक्या मेव्याला तेल सुटते, पुडीचा गोळा होतो आणि तो दुधात विरघळत नाही. उरलेल्या निम्म्या मेव्याचे पातळ काप करावेत. सगळाच मेवा वाटून घातला तर दूध दाट होते, पण दाताखाली काही येत नाही. साली आवडत नसतील तर बदाम गरम पाण्यात भिजवून सोलावेत, मात्र मग ते पुरते सुकवून मगच वाटावेत.

पूजेसाठी पाट किंवा चौरंग, तांबडे वस्त्र, तांदूळ, तांब्याचा कलश, लक्ष्मीची तसबीर किंवा चांदीचे नाणे, इंद्रासाठी सुपारी, हळद-कुंकू, अक्षता, झेंडू-शेवंतीची फुले, विड्याची पाने, नारळ, निरांजन, उदबत्ती एवढे बस्स आहे. यातले काहीच दुर्मीळ नाही. कमळ मिळाले तर आणावे, न मिळाल्यास त्यासाठी बाजार पालथा घालू नये.

सोसायटीत कार्यक्रम असेल तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. काही ठरावीक सणांच्या दिवशी राज्य सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पण त्या यादीत हा दिवस आहे की नाही ते पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये. खरे तर माईक नसला की गाणाऱ्यांची संख्या वाढते. दुसरे म्हणजे गच्चीचा कठडा आणि पाण्याच्या टाकीची शिडी. लहान मुले अंधारात नेमकी तिथेच जातात, तेव्हा शिडी आधीच दोरीने बांधून टाकावी आणि दूध शक्यतो घरात आटवून वर न्यावे, गच्चीवर शेगडी मांडू नये.

संध्याकाळ : आश्विनी

महाराष्ट्रात या दिवशी घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची चाल आहे आणि तिला ‘आश्विनी करणे’ म्हणतात. मोठा मुलगा असो वा मुलगी, मान पहिल्या अपत्याचाच. चंद्र उगवल्यावर, दिवेलागणीनंतर, पाटाभोवती रांगोळी काढून त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवावे, कुंकू-अक्षता लावाव्यात, सुपारी आणि सोन्याच्या अंगठीने ओवाळून मग निरांजनाने ओवाळावे आणि नवे वस्त्र किंवा एखादी वस्तू हातात द्यावी. ओवाळण्याचा अधिकार आईचा. आजी असेल तर तीही ओवाळते. साठीच्या मुलाला ऐंशीची आई पाटावर बसवते, तेव्हा तो जरा अवघडतो खरा, पण पाट सोडून उठत नाही. धाकट्या भावंडांचे रुसवे टाळण्यासाठी त्यांच्या हातावरही खाऊ ठेवावा, ही शहाण्या आयांची जुनी रीत आहे.

विदर्भ आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर बसवलेल्या भुलाबाईची सांगता याच पौर्णिमेला होते. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्याखाली भुलाबाई आणि भुलोजी मांडतात, मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ नुसता डबा हलवून, आवाजावरून ओळखायचा खेळ रंगतो. या भागातील घरांनी भुलाबाईचा कार्यक्रम आठच्या सुमारास ठेवला तर मुली नंतरच्या जागरणालाही टिकतात. कोकणात भाताची नवी लोंबी घरात येण्याचे हेच दिवस. आंब्याची पाने, भाताच्या लोंब्या, कुरडू आणि झेंडूची फुले एकत्र गुंफून केलेले ‘नवे’ दाराला बांधतात आणि नव्या तांदळाचा भात करतात. नवान्न पौर्णिमा हे नाव त्यावरूनच आले.

तुळजापूरला जाणाऱ्यांची रात्र वेगळी असते. दसऱ्यानंतर तुळजाभवानी पाच दिवस श्रमनिद्रेत असते आणि आश्विन पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर येते, म्हणून सोलापूर आणि सीमेपलीकडील कर्नाटकातून हजारो भाविक पायी चालत जातात. नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगी गडावर याच पौर्णिमेला कावडधारक नद्यांचे पाणी आणून देवीला अभिषेक करतात. घरात असे पायी जाणारे कोणी असेल, तर घरची पूजा मागे राहिलेल्यांनी करावी.

रात्रीचे जेवण साधे आणि लवकर, साडेआठच्या आत आटोपावे. गच्चीवरच्या कार्यक्रमात भेळ, पावभाजी आणि लगेच दूध असा बेत असतो; आंबट, खारट पदार्थांवर दूध घेणे आयुर्वेदाने विरुद्धाहारात धरले आहे आणि पोटालाही ते मानवत नाही. दोन्हींमध्ये निदान दोन तास जाऊ द्यावेत. कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालणार असेल तर हे अंतर आपोआपच मिळते. दिवसभर उपास करून व्रत करणाऱ्यांनी पूजेनंतर नैवेद्याच्या पोह्यांवर आणि दुधावर पारणे करावे.

पावणेदहा : दूध चुलीवर

रुंद तोंडाची, जाड बुडाची कढई किंवा पातेले घ्यावे. आत आधी पाणी फिरवून ओतून टाकावे, पुसू नये; त्या ओलाव्यामुळे दूध तळाला कमी लागते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले दूध एकत्र ओतण्यापूर्वी प्रत्येकातले पळीभर दूध छोट्या भांड्यात उकळून पाहावे. ही दोन मिनिटांची तपासणी न केल्याने, एका नासक्या पिशवीपायी सगळे दूध फाटल्याचे मी गच्चीवर उभा राहून पाहिले आहे.

चार लिटरांना उकळी यायला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. उकळी आली की आच मध्यम करावी आणि लांब दांड्याच्या उलथण्याने तळ खरवडत राहावे, नुसते वरवर ढवळू नये. कढईच्या कडेला साय धरते. ती दर तीनचार मिनिटांनी सोडवून दुधात मोडावी. अर्ध्या तासाने दुधाचा पांढरा रंग जरासा मोतिया होतो आणि बुडबुडे लहान, जड आणि सावकाश फुटणारे दिसू लागतात. पाऊण ते एक तासात दूध चतुर्थांश आटते. किती आटले ते नजरेने ठरवू नये. सुरुवातीलाच लाकडी चमच्याची दांडी उभी बुडवून दुधाच्या उंचीवर खूण करून ठेवावी.

साखर अगदी शेवटी घालावी. आधी घातली तर दूध तळाला लवकर लागते आणि तासभर उकळून त्याचा रंग तांबूस होतो. साखर विरघळल्यावर पाच मिनिटे उकळू द्यावे, मग मसाल्याची पूड, मेव्याचे काप आणि चारोळी घालावी. केशर आधीच अर्ध्या वाटी कोमट दुधात भिजवून ठेवलेले असावे. ते ओतले की कढईच्या मधोमध पिवळी धार उमटते आणि दोनतीन वळणांत सगळ्या दुधाला रंग येतो. वेलदोडा आणि जायफळ गॅस बंद केल्यावर घालावे, म्हणजे वास उडून जात नाही.

दूध तळाला लागलेच, तर ढवळणे लगेच थांबवावे. वरचे दूध न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि खालचा थर तसाच सोडावा. खरवडला की जळका वास सगळ्या दुधात उतरतो. मधुमेह असलेल्यांसाठी लिटरभर दूध साखर घालण्यापूर्वीच बाजूला काढून त्यात फक्त मसाला घालावा. ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी नारळाच्या दुधात गूळ आणि वेलदोडा घालून वेगळा तांब्या भरता येतो, पण ते दूध मंद आचेवर फक्त कोमट करावे, उकळले की फाटते.

साडेअकरा : गच्ची

दूध पाजळलेल्या दिव्यांखाली न ठेवता चांदण्यात ठेवायचे असते, म्हणून गच्चीवरचे विजेचे दिवे आता घालवावेत. दुधात चंद्र पाहण्याची रीत नेमकी इथे उपयोगी पडते आणि मध्यरात्रीचा आग्रह कशासाठी, तेही इथे डोळ्यांना दिसते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो; नऊ वाजता तो पूर्वेला अर्ध्या उंचीवर असतो आणि खोल पातेल्यात पाहू गेले तर पातेल्याची कड आड येते. मध्यरात्री मात्र तो जवळजवळ डोक्यावर येतो. दूध रुंद, उथळ परातीत किंवा मोठ्या वाडग्यात घ्यावे, वर धरलेली साय चमच्याने बाजूला सारावी, कारण सायीवर प्रतिबिंब पडत नाही, आणि दक्षिणेकडे तोंड करून थोडे मागे सरकून उभे राहावे. नाहीतर आपल्याच डोक्याची सावली दुधावर पडते. आरशातल्यासारखा लख्ख चंद्र दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. पिवळसर दुधावर एक थरथरता उजेडाचा ठिपका दिसतो, आणि लहान मुलांना तो दिसला की नंतर त्यांना झोप येत नाही.

दुधावर पातळ मलमलीचे कापड घालून ते पाऊण तासापेक्षा अधिक उघड्यावर ठेवू नये. रात्रभर चांदण्यात ठेवून सकाळी पिण्याचा सल्ला दिला जातो, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात आटीव दूध तितका वेळ टिकेलच असे नाही.

चंद्रकिरणांविषयी आणखी एक विधान दरवर्षी फिरते, ते म्हणजे या रात्री चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो. तसा नियम नाही. चंद्राचे अंतर दर महिन्याला सुमारे ३ लाख ५६ हजार ते ४ लाख ६ हजार किलोमीटरच्या दरम्यान कमीजास्त होत असते आणि त्या चक्राची आश्विन पौर्णिमेशी गाठ बांधलेली नाही. २०२४ मध्ये योगायोगाने वर्षातली सर्वांत जवळची पौर्णिमा हीच होती, म्हणून त्या वर्षीचे विधान खरे ठरले. चांदणे लख्ख दिसते ते पावसाळा सरून आकाश निवळल्यामुळे. पावसाने धूळ धुऊन नेलेली असते आणि थंडीतले धुके अजून पडायचे असते. शरद ऋतूतल्या पित्तप्रकोपावर शीतल आहार सांगणाऱ्या आयुर्वेदात, दिवसा उन्हात तापलेल्या आणि रात्री चांदण्यात निवलेल्या शरदातील निर्मळ पाण्याला ‘हंसोदक’ म्हटले आहे. चांदण्यातल्या दुधाचे कौतुक त्या विचाराच्या जवळचे आहे. दम्यापासून दृष्टीपर्यंत सगळ्यावर हे दूध औषध आहे, असे मात्र कोणी सांगितले तर आपली नेहमीची औषधे बंद करू नयेत.

आभाळ भरून आले तर पूजा अडत नाही. चंद्र ज्या दिशेला असेल त्या दिशेला तोंड करून अर्घ्य द्यावे. पावसाची शक्यता असेल तर पाट जिन्याच्या तोंडाशी मांडावा, म्हणजे उचलून आत घ्यायला वेळ लागत नाही.

मध्यरात्र : पूजा

पाटावर तांबडे वस्त्र घालून तांदळाची रास करावी, तिच्यावर पाण्याने भरलेला कलश ठेवून त्यात पाने आणि वर नारळ किंवा ताम्हन ठेवावे. ताम्हनात लक्ष्मीचे नाणे आणि शेजारी इंद्राची सुपारी मांडावी. दीप लावून संकल्प करावा, आधी गणपतीचे स्मरण, मग लक्ष्मीला आणि इंद्राला हळद-कुंकू, अक्षता, फुले वाहावीत. श्रीसूक्त येत असेल तर म्हणावे. येत नसेल तर लक्ष्मीची आरती पुरेशी आहे. मोबाइलवर लावलेल्या सूक्तापेक्षा तोंडाने म्हटलेली साधी आरती मला तरी बरी वाटते. त्यानंतर पोहे, नारळाचे पाणी आणि दूध यांचा नैवेद्य दाखवावा. शेवटी पळीत पाणी, थोडे दूध, अक्षता आणि पांढरे फूल घेऊन चंद्राला तीन वेळा अर्घ्य द्यावे. सारे मिळून वीस मिनिटे लागतात.

यानंतर दूध पुन्हा एकदा कोमट करून वाटावे. आधी नारळाचे पाणी चमचाचमचा, मग पोहे आणि मग दूध, असा क्रम ठेवावा. दुधानंतर पोहे खायला कोणी थांबत नाही. नऊ वाजताच पेंगणाऱ्या मुलांना त्यांचा पेला आधी दिला तरी चालतो, मात्र नैवेद्याचे दूध त्याआधी वेगळे काढून ठेवावे. आजारी आणि वृद्ध माणसांना जागरणाची सक्ती नसावी. त्यांच्या खोलीत खिडकी उघडून, अंथरुणावर चांदणे पडेल अशी व्यवस्था केली तर त्यांनाही सण पोहोचतो.

जागरण पहाटेपर्यंतच करायला हवे असे नाही. निशीथकाळ उलटला, म्हणजे एक वाजून गेला, की घरी जाणाऱ्यांनी जावे. बसणाऱ्यांनी पत्त्यांचा शेवटचा डाव किती वाजता हे आधी ठरवून घ्यावे, कारण दुसऱ्या दिवशी बहुधा कामाचा दिवस असतो.

दुसरा दिवस

सकाळी कलश हलवून त्यातले पाणी घरात शिंपडावे, उरलेले तुळशीला घालावे. राशीचे तांदूळ घरच्या तांदळात मिसळावेत, नारळ फोडून त्याच्या खोबऱ्याचा प्रसाद करावा. उरलेले दूध रात्रीच उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवलेले असेल तर ते दुसऱ्या दिवशी आणखी आटवून बासुंदीसारखे होते किंवा त्यात शेवया घालून खीर करता येते. बाहेर राहिलेले दूध वास घेऊन पाहण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावे. कढईच्या तळाला धरलेला थर घासत बसू नये. कढईत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून दहा मिनिटे उकळावे आणि तसेच निवू द्यावे; दुपारी भांडी घासायला घ्याल, तेव्हा तो पापुद्र्यासारखा सुटून येतो.